कंबोडियाचा न्याय : वैर शमविणे आणि जाब विचारणे

धम्मपदाच्या यमकवग्गातील वैराविषयीची गाथा आपल्या बहुतेक घरांतील मुलांनाही पाठ असते. परदेशातील वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमात, भन्ते कोणत्याही देशाचे असोत, ती एकदा तरी कानांवर पडतेच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस थायलंडच्या सीमेवरील निर्वासितांच्या छावणीत कंबोडियाचे भन्ते महाघोसानंद यांनी हीच गाथा पाली आणि ख्मेर भाषांत म्हणावयास सुरुवात केली, तेव्हा जमलेली माणसे ओक्साबोक्शी रडू लागली, असे तेथे असलेल्यांनी सांगून ठेवले आहे. त्यांच्यापैकी अनेकांनी कित्येक वर्षांत चीवर पाहिले नव्हते. महाघोसानंदांचे शिक्षण आपल्या नालंदा येथे झालेले. त्यांचे स्वतःचे कुटुंब ख्मेर रूजच्या राजवटीत नष्ट झालेले. वैर सोडा, असे म्हणण्याचा अधिकार त्यांनी सोसून मिळविला होता.

हा अधिकार सर्वांनाच असतो काय? ज्याने सोसले त्याने वैर सोडणे ही एक गोष्ट. ज्याने केले त्याने, किंवा ज्याला सत्ता टिकवायची आहे त्याने, सोसणाऱ्याला वैर सोडण्याचा उपदेश करणे ही अगदी निराळी गोष्ट. वस्ती पेटविली गेल्यावर दुसऱ्या दिवशी ‘झाले गेले विसरा, मिटवून टाका’ हा निरोप गावाच्या कोणत्या बाजूने येतो, हे आपल्या वाडवडिलांनी अनुभवले आहे. म्हणून युद्धानंतरचा न्याय या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस न्यूरेंबर्ग किंवा टोकियोपेक्षा कंबोडिया अधिक जवळचा वाटतो. तेथे मारणारे आणि मरणारे बहुतांशी एकाच भाषेचे, एकाच धम्माच्या छायेत वाढलेले होते; आणि न्याय हवा की विस्मरण हवे, हा वाद धम्माच्याच शब्दांत घातला गेला.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजच्या फौजा नॉम पेन्हमध्ये शिरल्या. काही दिवसांतच राजधानी रिकामी करण्यात आली. रुग्णालयांतील रुग्णांनाही रस्त्यावर काढण्यात आले. पैसा, बाजार, शाळा, टपाल सारे बंद झाले आणि देशाची एक विराट शेती-छावणी झाली. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्याने राजधानी घेतली तोवर, पुढे न्यायालयासमोर मांडल्या गेलेल्या लोकसंख्याशास्त्रीय अहवालानुसार, सुमारे १७ ते २२ लाख माणसे उपासमारीने, रोगाने, अतिश्रमाने आणि प्रत्यक्ष हत्येने मरण पावली होती. देशाची लोकसंख्या तेव्हा ८० लाखांच्या आसपास होती.

या राजवटीने भिक्खूसंघ जवळजवळ पुसून टाकला. भिक्खू हे समाजाच्या रक्तावर जगणारे परपोषी आहेत, असा प्रचार झाला. चीवर उतरवून त्यांना कालवे खणावयास लावले गेले, अनेकांना ठार करण्यात आले, विहारांची कोठारे व तुरुंग बनविण्यात आले. १९७९ च्या सप्टेंबरात व्हिएतनाममधून आलेल्या थेरवादी भिक्खूंच्या साहाय्याने सात वृद्धांना पुन्हा उपसंपदा देण्यात आली, तेव्हा कोठे संघाची दोरी पुन्हा जोडली गेली. आणि हे ज्याने घडविले तो पोल पॉट, म्हणजे सालोथ सार, लहानपणी राजधानीतील वाट बोतुम या विहारात श्रामणेर म्हणून राहिलेला होता!

बाबासाहेबांच्या वाचकाला येथे नोव्हेंबर १९५६ मधील काठमांडूचे भाषण आठवल्यावाचून राहत नाही. जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना बाबासाहेबांनी शोषणाच्या अंताचे ध्येय नाकारले नव्हते; त्यांचा आक्षेप रक्तपात आणि हुकूमशाही या साधनांना होता, आणि बौद्ध देशांतील तरुणांना ते हीच गोष्ट सांगत होते. सालोथ सार पॅरिसमध्ये साम्यवादाचे धडे घेऊन १९५३ सालीच मायदेशी परतला होता.

राजवट कोसळल्यावर न्याय लगेच व्हावयास हवा होता, आणि एका अर्थाने तो झालाही. ऑगस्ट १९७९ मध्ये व्हिएतनामच्या पाठिंब्याने आलेल्या नव्या सरकारने लोकक्रांतिकारी न्यायाधिकरण नेमले, आणि पोल पॉट व इएंग सारी या दोघांना त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला. साक्षी खऱ्या होत्या, प्रेतांचे खड्डे खरे होते. परंतु बचाव नावापुरता होता आणि निकाल आधीच ठरलेला होता. जगाने त्या निकालाकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याचे कारण मात्र केवळ न्यायप्रक्रियेतील दोष हे नव्हते. व्हिएतनाम सोव्हिएत गोटात असल्याने चीन, थायलंड आणि अमेरिकेसह पाश्चात्त्य राष्ट्रांनी व्हिएतनामने बसविलेले सरकार मानले नाही. परिणामी संयुक्त राष्ट्रांतील कंबोडियाचे आसन १९८० चे जवळजवळ सारे दशक ख्मेर रूजकडे, आणि १९८२ नंतर ख्मेर रूजचा समावेश असलेल्या आघाडीकडे राहिले. ज्यांच्यावर खटला चालवायचा, तेच न्यूयॉर्कमध्ये आपल्या बळींच्या नावाने बोलत होते. भारताने मात्र जुलै १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली.

१९९१ चा पॅरिस करार झाला तेव्हा ख्मेर रूज हा वाटाघाटीतील एक पक्ष होता. म्हणून त्या करारात वंशसंहार हा शब्द आला नाही. भूतकाळातील धोरणे व प्रथा पुन्हा येऊ नयेत, अशी गुळमुळीत भाषा आली. शांततेसाठी दिलेले हे मोल होते. ते देऊनही ख्मेर रूजने १९९३ च्या निवडणुकीवर बहिष्कार घातला आणि जंगलातील युद्ध चालूच ठेवले. पुढे सरकारने एकेका सेनानीला फोडण्याचे धोरण स्वीकारले. १९९६ मध्ये इएंग सारी आपल्या हजारो सैनिकांसह सरकारकडे आला आणि त्याला राजाची माफी मिळाली. पोल पॉट एप्रिल १९९८ मध्ये सीमेवरील अनलाँग वेंग भागात मरण पावला. त्याच वर्षाअखेरीस नुऑन चिआ आणि खिउ साम्फान शरण आले, तेव्हा पंतप्रधान हुन सेन यांनी खड्डा खणून भूतकाळ पुरून टाकण्याची भाषा केली. हुन सेन हे स्वतः एके काळी ख्मेर रूजचे अधिकारी होते. १९७७ मध्ये ते व्हिएतनामला पळाले होते.

या धोरणास निव्वळ ढोंग म्हणून बाजूला सारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तीन दशकांचे युद्ध त्यामुळे संपले. सीमेवरील गावांतील मुलांचे पाय सुरुंगांनी उडत होते, आणि माफीच्या प्रत्येक कागदागणिक लढाईचा एकेक टापू कमी होत गेला. न्यायाचा आग्रह धरून युद्ध आणखी पाच वर्षे चालले असते, तर त्यात मेलेल्यांचा जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न खरा आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. शस्त्र खाली ठेवण्याच्या बदल्यात काय द्यायचे हे राज्यकर्त्यांनी ठरविले. पण जे दिले गेले ते त्यांचे नव्हते. तो हक्क मृतांच्या नातलगांचा होता, आणि त्यांना कोणी विचारले नाही.

शेवटी न्यायालय उभे राहिले, तेही रखडत. जून १९९७ मध्ये कंबोडियाच्या दोन्ही पंतप्रधानांनी संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली. तज्ज्ञांच्या गटाने पूर्ण आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाची शिफारस केली. नॉम पेन्हला ती मान्य नव्हती. २००२ च्या फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांनी वाटाघाटीतून अंग काढून घेतले, मग पुन्हा बोलणी झाली आणि जून २००३ मध्ये करार झाला. न्यायाधीशांनी शपथ घेतली ती २००६ साली. म्हणजे गुन्हा आणि न्यायालय यांच्यात सत्तावीस वर्षे गेली.

त्याची घडण मोठी चमत्कारिक होती. खटल्याच्या पीठावर तीन कंबोडियन आणि दोन परदेशी न्यायाधीश, आणि निर्णयास किमान चारांची सहमती आवश्यक. म्हणजे कंबोडियन बहुमत असूनही एका तरी परदेशी न्यायाधीशाच्या संमतीवाचून कोणी दोषी ठरू शकत नव्हते. सरकारी वकील दोन, तपास न्यायाधीश दोन. प्रत्येक जोडीत एक देशी आणि एक परदेशी. परस्परांवर विश्वास नसलेल्या दोन भाऊबंदांनी एकाच कुलुपाच्या दोन किल्ल्या वाटून घ्याव्यात, तसा हा प्रकार. अधिकारक्षेत्र १७ एप्रिल १९७५ ते ६ जानेवारी १९७९ एवढेच, आणि आरोपी कोण, तर वरिष्ठ नेते व सर्वांत अधिक जबाबदार असलेल्या व्यक्ती. मृत्युदंड नाही, कमाल शिक्षा आजन्म कारावास. साक्षीदार शपथ घेत ती आवारातील लोहदंडधारी लोकदेवतेच्या पुतळ्यासमोर. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्यासारख्यांच्या भुवया येथे किंचित उंचावतील. पण ख्मेर खेडुताला खोटे बोलण्याची भीती वाटावी, असा तो पुतळा होता, आणि कायदेपंडितांनी तो तेथे राहू दिला हे शहाणपणाचे झाले.

पहिला खटला कांग केक इव ऊर्फ दुच याच्यावर चालला. हा पूर्वाश्रमीचा गणिताचा शिक्षक. नॉम पेन्हमधील एका शाळेच्या इमारतीत त्याने एस-२१ हा तुरुंग चालविला. आज तो तुओल स्लेंग संग्रहालय म्हणून ओळखला जातो. तेथे किमान १२,२७२ माणसे मारली गेल्याचे न्यायालयाने निश्चित केले. वाचलेले प्रौढ हातांच्या बोटांवर मोजावेत इतकेच. शिक्षकाच्या टापटिपीने ठेवलेली कैद्यांची छायाचित्रे, छळ करून लिहून घेतलेले कबुलीजबाब आणि त्यांच्या समासांत दुचने स्वहस्ते केलेल्या टिपा हाच त्याच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा ठरला.

वाचलेल्यांपैकी बू मेंग हे चित्रकार. पोल पॉटचे चित्र काढता येते म्हणून त्यांना जिवंत ठेवले गेले. त्यांच्या पत्नीला मात्र मारण्यात आले. २००९ च्या उन्हाळ्यात साक्ष देताना त्यांनी दुचला विचारले, माझ्या पत्नीला कोठे मारले? तेथील माती घेऊन तिच्यासाठी पुण्यानुमोदनाचा विधी करायचा, एवढाच त्यांचा हेतू होता. दुचने सांगितले की त्याला नेमके ठाऊक नाही. बहुधा चोएउंग एक येथे. युद्धानंतरच्या न्यायाची उद्दिष्टे कोणती, यावर विद्यापीठांत ग्रंथ लिहिले जातात आणि शिक्षा, जरब, सत्यशोधन, भरपाई, समेट अशी त्यांची यादी केली जाते. बू मेंग यांनी यांपैकी एकही शब्द उच्चारला नाही. त्यांना एक जागा हवी होती. जगातील एवढ्या मोठ्या न्यायसंस्थेला ती खात्रीने दाखविता आली नाही.

दुचने क्षमा मागितली, अनेकदा मागितली. आणि सुनावणीच्या अखेरच्या दिवशी आपली सुटका व्हावी अशी विनंती केली. २६ जुलै २०१० रोजी त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. बेकायदा कोठडीबद्दल ५ वर्षांची सूट आणि भोगलेली ११ वर्षे वजा जाता १९ उरली. बाहेर बसलेल्या वृद्धांनी बोटांवर ही वजाबाकी केली आणि ते संतापले, यात नवल ते काय! फेब्रुवारी २०१२ मध्ये अपिलात ती शिक्षा आजन्म कारावासाची झाली. भरपाई ‘सामूहिक व नैतिक’ स्वरूपाचीच देता येईल, असा नियम होता. म्हणून त्या खटल्यात पक्षकारांची व त्यांच्या मृत आप्तांची नावे निकालपत्रात नोंदविण्यात आली, आणि दुचच्या क्षमायाचनांचे संकलन प्रसिद्ध करावे असे ठरले. दुच २०२० साली मरण पावला.

या न्यायालयाने एक गोष्ट निश्चित चांगली केली. बळींना केवळ साक्षीदार न ठेवता पक्षकार केले. दुसऱ्या खटल्यात सुमारे ३९०० नागरी पक्षकार होते, आणि त्यांत अमेरिका, फ्रान्स येथे स्थायिक झालेलेही होते. त्यांच्या वकिलांनी नेट लावला म्हणून सक्तीच्या विवाहांचा प्रश्न तपासात आला. ख्मेर रूजने अनोळखी स्त्रीपुरुषांच्या जोड्या लावून सामुदायिक विवाह लावले होते, आणि रात्री संबंध झाला की नाही यावर पाळत ठेवली होती. स्त्रिया तीस वर्षे याविषयी गप्प होत्या. नोव्हेंबर २०१८ च्या निकालात तो मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरला. सुनावण्यांना दोन लाखांहून अधिक लोकांनी हजेरी लावली. खेड्यांतून बसगाड्या भरून माणसे येत आणि काचेपलीकडचे ते थकलेले म्हातारे एकटक पाहत राहत.

थकलेले हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. चार आरोपींपैकी इएंग सारी २०१३ मध्ये निकालापूर्वीच वारला. त्याची पत्नी इएंग थिरिथ स्मृतिभ्रंशामुळे खटल्यास अपात्र ठरली. नुऑन चिआ आणि खिउ साम्फान यांना २०१४ मध्ये आजन्म कारावास झाला, आणि २०१८ मध्ये ते वंशसंहाराचेही दोषी ठरले. नुऑन चिआ अपील चालू असतानाच २०१९ मध्ये मरण पावला. खिउ साम्फानचे अपील २२ सप्टेंबर २०२२ रोजी फेटाळले गेले. सोळा वर्षांत ३३ कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला आणि दोषी ठरले तिघे.

वंशसंहाराच्या निर्णयाची एक बाजू बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तो झाला व्हिएतनामी वंशाच्या लोकांबाबत आणि चाम मुस्लिमांबाबत. मेलेल्यांत बहुसंख्य असलेल्या ख्मेरांबाबत झाला नाही, कारण १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात राष्ट्रीय, वांशिक आणि धार्मिक गटांना स्थान आहे. राजकीय किंवा सामाजिक गटांना नाही. बौद्धांच्या छळाचा आरोप त्राम काक तालुक्यातील सहकारी वसाहतींपुरता सिद्ध झाला, तो धार्मिक कारणावरून केलेला छळ म्हणून. एक अख्खा संघ नाहीसा झाला आणि कायद्याच्या हाती त्यासाठी एवढाच शब्द होता. जातीच्या अत्याचारास कायद्यात नाव मिळावे म्हणून ज्यांना झगडावे लागले, त्यांना हे अपरिचित नाही.

आणि जे अधिकारक्षेत्राच्या बाहेरच ठेवले गेले, त्याचे काय? १९६९ ते १९७३ या काळात अमेरिकेने कंबोडियावर सुमारे पाच लाख टन बॉम्ब टाकले. त्या विध्वंसातून ख्मेर रूजला कोवळी पोरे भरती करता आली. १९७९ नंतर त्यांना शस्त्रे, आश्रय आणि आसन देणारेही होते. तारखा अशा आखल्या गेल्या की यांपैकी कोणालाच समन्स निघू नये. ज्या देशाचा पासपोर्ट आपल्यापैकी अनेकांच्या खिशात आहे, त्याच्याविषयी हे लिहिताना आम्हांस आनंद होत नाही. घरातल्या घरातही तेच झाले. तिसऱ्या आणि चौथ्या खटल्यांत परदेशी तपास न्यायाधीशांनी आरोप निश्चित करावयाचे, कंबोडियन न्यायाधीशांनी नाही म्हणायचे, असे होत होत ती प्रकरणे अखेर खटल्याविनाच मिटली. आणखी आरोपी नकोत, हे हुन सेन यांनी आधीच जाहीर सांगितले होते.

या सर्व काळात कंबोडियात एक युक्तिवाद वारंवार ऐकू येई: खटला कशाला, त्यांचे कर्मच त्यांना पुढील जन्मी शिक्षा देईल. दमलेल्या विधवेच्या तोंडी ते सांत्वन आहे, आणि ते हिरावून घेण्याचा आमचा मानस नाही. मंत्र्याच्या तोंडी मात्र ती पळवाट आहे. शिवाय या विचाराला दुसरे टोक आहे. मारणाऱ्याला पुढील जन्मी फळ मिळणार असेल, तर मेलेल्यांनी मागील जन्मी काय केले होते, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. तो प्रश्न आपल्या पूर्वजांना दोन हजार वर्षे विचारला गेला. पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना बुद्धाची नव्हे, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात का ठासून सांगितले, ते नॉम पेन्हच्या संदर्भात नव्याने कळते.

‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात बाबासाहेबांनी वैशालीचा सेनापती सिंह याचा प्रसंग घेतला आहे. अहिंसा सांगणारा तथागत गुन्हेगाराला शिक्षा करू नये म्हणतो काय, असे सिंहाने विचारले. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, आणि ती तो स्वतःच्या कृत्यामुळे भोगतो, दंडाधिकाऱ्याच्या द्वेषामुळे नव्हे, असा त्या उत्तराचा आशय आहे. दंड देणाऱ्याच्या मनात वैर नसावे, ही अट धम्माची. दंडच नसावा, ही नव्हे. महाघोसानंदांनी १९९२ पासून धम्मयात्रा काढल्या, सुरुंग पेरलेल्या आणि गोळीबार चाललेल्या प्रदेशांतून शेकडो भिक्खू व उपासक पायी नेले. त्यांच्या मैत्रीला सरकारी विस्मरणाच्या पंक्तीत बसविणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. २००७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा पहिल्या खटल्याची सुनावणीही सुरू झालेली नव्हती.

२० मे या दिवशी कंबोडियात मृतांचे स्मरण करतात. १९८० च्या दशकात त्याचे नाव संताप बांधून ठेवण्याचा दिवस असे होते. आता तो राष्ट्रीय स्मृतिदिन आहे. जुलै २०२५ मध्ये तुओल स्लेंग, चोएउंग एक आणि एम-१३ हा आणखी जुना तुरुंग यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. चोएउंग एकच्या स्तूपात, १९८८ पासून, हजारो कवट्या काचेमागे रचून ठेवल्या आहेत. बौद्ध परंपरेप्रमाणे त्यांचे दहन व्हावे, अशी सिहानूक यांची इच्छा होती. सरकारने त्या पुरावा म्हणून राखून ठेवल्या. खटले संपले आहेत. अस्थी तेथेच आहेत, आणि त्यांपैकी कोणती कोणाची, याचे उत्तर आजही बहुतेक घरांना मिळालेले नाही.